बिनआवाजाचं उद्गारचिन्ह

"ग्रंथालय तुमच्या हातात देते, सर. शांत काम आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

सरांनी खिशातलं यंत्र गळ्याला टेकवलं आणि ते कडाडले, "अजिबात नाही! माझा वर्ग मी सोडणार नाही!"

निदान त्यांना तरी आपण कडाडलो असं वाटलं. यंत्रातून बाहेर पडलं ते एका पट्टीतलं, घरघरतं वाक्य. स्थानकावर गाडी उशिरा येत असल्याचं सांगावं तसं. मुख्याध्यापिकांचा चेहरा सैल झाला.

"चिडला नाहीत, बरं वाटलं. मला धास्तीच होती."

सरांचं डोकं तर असं फिरलं होतं की विचारू नका. एके काळी याच माणसाला सगळी शाळा 'तोफ' म्हणायची. ते गणित शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातला भूगोल बंद पडायचा. मग गळ्यात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, आणि श्वासासाठी गळ्याशी एक भोक ठेवलं. त्यावर सर आता पांढरं फडकं बांधत. बोलायचं ते हातातल्या यंत्राच्या घरघरीवर. राग, लाड, थट्टा, सगळं एकाच सुरात. "तुमच्याशी भांडण्यात राम नाही राहिला हो," असं बायको म्हणायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

सरांनी टेबलावर मूठ आपटली. बशीतला कप उडाला. मुख्याध्यापिकांना आता नीट कळलं.

"बरं, बरं! अकरावीचा तास घ्या. पण मी बाहेर उभी राहून ऐकणार. मुलांचं नुकसान मला चालणार नाही."

"या," यंत्र म्हणालं.

वर्गात शिरून सरांनी फळ्यावर पाचाचा आकडा काढला आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. "वाचा."

पहिल्या बाकावरची उंच मुलगी जोरात ओरडली, "पाऽऽच!" वर्ग खिदळला. मागून कुणीतरी नाक दाबून घरघरलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आता तर हशाचा स्फोट झाला. दाराबाहेर मुख्याध्यापिकांच्या चपला अस्वस्थपणे वाजल्या.

पूर्वी सरांच्या नुसत्या "ए!"ने वर्ग चिडीचूप झाला असता. आज ते हाताची घडी घालून उभे राहिले. हसू आपोआप विरेपर्यंत थांबले.

"हसून घेतलंत? आरशासमोर पहिल्यांदा बोललो तेव्हा मलाही हसू आलं होतं. आता कामाला लागू. तिघं जण पुढे या."

ती उंच मुलगी आणि आणखी दोघं आली.

"रांगेत उभे राहा. आता जागा बदला. किती तऱ्हा होतात, बाकीच्यांनी मोजा."

ढकलाढकली झाली. "ए, तू मध्ये होतीस आधी!" "हे झालंय, हे झालंय!" शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, सहा. सरांनी लिहिलं: तीन गुणिले दोन गुणिले एक.

"याला क्रमगुणित म्हणतात. हे उद्गारचिन्ह म्हणजे त्याची खूण. पाच जण असले तर?"

"एकशे वीस!"

"दहा?"

पेनं खरखरली. मघाशी नाक दाबून बोललेला पोरगाच उभा राहिला. "सर, माझं चुकलंय बहुतेक. छत्तीस लाखांवर जातंय."

"बरोबर आहे तुझं."

"बापरे! दहाच जण ना?"

"दहाच. तुझ्या 'बापरे'ला आवाज लागला. भाषेतल्या उद्गारचिन्हाला तो लागतोच. फळ्यावरच्याला लागला का?"

तो बघत राहिला. "नाही, सर."

"मग मला का लागावा?"

कुणीच हसलं नाही. मग ती उंच मुलगी म्हणाली, "सर, अकरा घेऊन बघू?" आणि वह्यांची पानं उलटली.

तास सुटल्यावर मुख्याध्यापिकांनी त्यांना गाठलं. "सुरुवातीला मुलं फार हसली."

"हसली. मग मोजायला लागली."

"हो, ते ऐकलं मी. ठीक आहे, सहामाहीपर्यंत ठेवू तुम्हाला."

सरांनी यंत्र गळ्याला लावलं. बटण दाबलं, पण यंत्र गप्प. चार्जिंग संपलं होतं. त्यांनी ते खिशात टाकलं, ताठ उभे राहिले आणि नुसत्या ओठांनी, मान ताणून ओरडले. आवाजाचा टिपूसही आला नाही. गळ्यावरचं फडकं तेवढं जोरात फडफडलं.

मुख्याध्यापिका एक पाऊल मागे सरल्या.

"कळलं, सर. निवृत्तीपर्यंत."

शिक्षकांची खोली रिकामी होती. सरांनी यंत्र चार्जिंगला लावलं आणि खुर्चीत बसले. भिंतीपलीकडे यंदाच लागलेला तरुण मास्तर वर्गावर तोंड सोडून ओरडत होता, "गप्प बसा रे! ऐकू येत नाही का!" काय खणखणीत आवाज होता! सरांनी डोळे मिटले आणि मैफलीला बसावं तसे तो थांबेपर्यंत ऐकत राहिले.