स्वयंपाकघरातली रेंज

“अहो, नवा राउटर जुन्याच्याच शेजारी मांडलात, तर स्वयंपाकघरात रेंज यायची कशी?”

कंट्रोलरसाहेब स्टुलावर उभे होते. त्यांनी बायकोकडे वळूनही पाहिलं नाही. “जोर वाढतो. एकाला दुसरा मिळाला की दोघं मिळून पुढे ढकलतात.”

“राउटर आहेत की बंद पडलेली बस?”

बसबद्दल कुणी बोललेलं साहेबांना खपत नसे. सारी हयात त्यांनी डेपोत कंट्रोलर म्हणून काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते माइकवरून सांगायचं आणि कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा माइक डेपोतच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. गॅसवरच्या दुधालाही ते बाहेरच्या खोलीतून सूचना देत.

या दुसऱ्या राउटरची मागणी बायकोची होती. एरवी यंत्राच्या वाटेला न जाणाऱ्या बाईने असलं काही मागावं, याचं साहेबांना मोठं कौतुक वाटलं होतं. दूर नोकरीला असलेल्या मुलीचा रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल येई. नेट फक्त बाहेरच्या खोलीत, म्हणून कॉलही तिथेच. फोन वाजला की साहेब ताबा घेत. टाकी भरली, डॉक्टरांनी गोळी बदलली, वरच्या मजल्यावरच्याने पुन्हा स्कूटर आडवी लावली, सगळं क्रमवार जाहीर होई. मग “घे, आईशी बोल” म्हणून फोन बायकोच्या हातात जाई, तोवर तिकडे मुलीची निघायची वेळ झालेली असे.

अखेर राउटर स्वयंपाकघरात हलवायचं ठरलं. साहेबांनी जुन्याला वायर जोडली, बोळातून भिंतीच्या कडेने ठोकत नेली, मधे एकदा स्वतःचा अंगठाही ठोकला, आणि नवा राउटर डब्यांच्या फळीवर चढवला. हिरवे दिवे लागले. साहेबांनी कंबरेवर हात ठेवून ते डोळे भरून पाहिले.

आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं नेट गेलं.

मग कधी यायचं, कधी जायचं. बायकोच्या फोनवर आलं की साहेबांच्या फोनवरून गायब. त्यांनी दोन्ही राउटर बंद करून पुन्हा चालू केले, एकाला थोडं थोपटलंही. शेवटी नाइलाजाने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, तुमचे दोन्ही राउटर घरातल्या फोनना नेटवरचे पत्ते वाटतायत. म्हणून गोंधळ होतोय. नव्याचं वाटप बंद करा.”

“म्हणजे तो बंदच करू?”

“नाही नाही. चालूच राहू दे. पत्ते जुना वाटेल. नव्याने फक्त आलेलं पुढे पोचवायचं.”

साहेबांचा चेहरा उजळला. हे तर त्यांच्या धंद्यातलं निघालं! फोन ठेवून ते तडक स्वयंपाकघरात गेले. “कळलं का तुला? एका डेपोत दोन कंट्रोलर झालेत. दोघंही माइक धरून बसले, मग गाड्या अडकणार नाहीत तर काय? कुठेही जा, एकाने गप्प बसल्याशिवाय कारभार चालत नाही.”

“मी बसतेच की,” बायको म्हणाली.

साहेब हसले. ती हसली नाही. तिने नळ बंद केला.

“पोर हल्ली ‘आई’ म्हणून काहीतरी सुरू करते, आणि तुम्ही तिला टाकी भरल्याचं सांगता. तिचा चेहरा पाहिलात कधी? तिला बोलायचंय. माझ्याशी. तुमच्यासमोर नाही.”

“माझ्यासमोर का नाही? मी काय परका आहे?”

“परके कसले? पण तुम्ही ऐकून घेत नाही. लगेच मार्ग सांगता.”

साहेबांना हे फार लागलं. मुलगी मुख्यतः आपल्यासाठी फोन करते, अशी त्यांची पक्की समजूत होती. ते बाहेर येऊन खुर्चीत बसले. वायर उपटली की सगळं पूर्वीसारखं होणार होतं. हे काही आपल्याला जमत नाही बुवा, असं म्हटलं असतं तर कुणी दोषही दिला नसता. रविवारच होता, मुलीच्या फोनची वेळ जवळ येत होती. साहेबांनी तो विचार मनात बराच घोळवला, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी चष्मा चढवला, नव्या राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं, मदतवालीने सांगितल्याप्रमाणे वाटपासमोरची खूण काढून टाकली. थोड्या वेळाने बायकोच्या फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा उभ्या राहिल्या.

“इथे ओट्यापाशी बस. फोन जरा उंच धर. आणि बोलताना...” ते थांबले. “बस तुला हवं तिथे.”

फोन वाजला. बायकोने पदराला हात पुसून तो उचलला. साहेब बाहेर आले आणि त्यांनीच मागे दार ओढून घेतलं.

बाहेरच्या खोलीत बसून शब्द कळत नव्हते, पण मुलगी रडतेय हे कळलं. साहेब अर्धे उठले. नोकरी सोड, बॅग भर, सकाळची गाडी पकड, सगळ्या सूचना ओठांवर आल्या. ते परत खाली बसले. खुर्चीच्या हातांवर बोटं आवळून बसून राहिले. आत बायको हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलत होती. मग कधीतरी दोघी हसल्या. मुलगी इतकं मोकळं हसते, हे साहेब विसरूनच गेले होते. त्यांना बरंही वाटलं आणि वाईटही.

दार उघडलं. बायकोचे डोळे लाल होते, पण चेहरा हलका झाला होता. ती येऊन शेजारी बसली.

साहेबांना विचारायचं पुष्कळ होतं.

“रेंज कशी होती?” त्यांनी विचारलं.

“चांगली होती.”

“मधे तुटलं नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत बोलली.”

साहेबांनी मान हलवली, आणि उठून चहा टाकायला आत गेले.