घर नंबर सत्तेचाळीस
रविवारी दुपारी चार वाजता मिहिरला त्या दिवसातला अठ्ठाविसावा फोन आला आणि अठ्ठाविसाव्यांदा तो तेच बोलला. "आजोबा, कोड आलाय. स्पॅममध्ये बघा. मेल उघडा, वर डावीकडे तीन रेघा आहेत ना, त्या दाबा. नाही हो, पासवर्ड लागत नाही. मेल पत्ता टाकायचा, सहा आकडे येतात, ते दहा मिनिटांत भरायचे. बस्स."

हे लोढणं त्याने स्वतःच गळ्यात बांधून घेतलं होतं. कोकणातल्या आंबेखोल गावचं मुंबईत मंडळ होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दोनशे बारा घरी जाते आणि कुठल्या घरी माणसं आलीत, कुठलं घर बंद आहे, यावरून दरवर्षी भांडणं होतात. गेल्या वर्षी तर पालखी खांद्यावर ठेवूनच दोन वाड्या हमरीतुमरीवर आल्या. तेव्हा मंडळाच्या सभेत मिहिर उठून म्हणाला, "मी वेबसाईट करून देतो. ज्याला पालखी हवी त्याने नोंदणी करावी. एक घरक्रमांक, एक नोंद. भांडणच नको." टाळ्या पडल्या. सेक्रेटरी भाऊरावांनी पाठ थोपटली. अंधेरीतल्या कंपनीत दिवसभर हेच काम करणाऱ्या पोराला ते काय अवघड? काम सोपं होतं, माणसंच तेवढी अवघड निघाली.

नोंदणी आज संध्याकाळी सहाला बंद होणार होती. ज्या घराची नोंद नाही ते यादीत 'बंद घर', आणि बंद घरावरून पालखी न थांबता पुढे जाते.

"आपलं झालं ना रे?" स्वयंपाकघरातून आईने, सुगंधाने, विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

"करतो गं. दोन मिनिटांचं काम आहे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आठवडाभर अख्ख्या गावाच्या नोंदी करून दिल्या, स्वतःच्या घराची राहिली होती. सुगंधाचा जीव मात्र याच नोंदीत अडकला होता. मिहिरचे वडील जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या शिमग्याला घरात दुःख होतं, पालखी दारावरून तशीच गेली आणि ती खिडकीच्या गजांना धरून बघत राहिली. यंदा तिने गावच्या घराची जमीन नवी करून घेतली होती. देवीच्या ओटीची हिरवी साडी महिनाभर आधीच आणून कपाटात ठेवली होती. देव दारात थांबला की घर पुन्हा सुरू झालं, असं तिचं साधं गणित होतं.

मिहिरने मेल टाकला, कोड आला, भरला. घरक्रमांक सत्तेचाळीस. बटण दाबलं.

'या घराची नोंद आधीच झालेली आहे.'

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. खाली त्यानेच लिहिलेली ओळ होती: 'याच घरातले असाल, तर पहिल्या नोंदणीदाराच्या मेलवर कोड पाठवा आणि तो भरून नोंद उघडा.' आणि त्या मेलची पहिली दोन अक्षरं दिसत होती. सी आणि एच.

चंद्रप्रकाश. मुलुंडचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ.

आठ वर्षांपूर्वी दोन्ही भावांनी वेगळ्या चुली मांडल्या आणि घराच्या मधोमध, थेट पुढच्या अंगणापर्यंत, खळ्यापर्यंत, चिऱ्याची भिंत घातली. ग्रामपंचायतीत नंबर मात्र एकच राहिला. गावात कुणीही शेंबडं पोर सांगेल की पालखी चुलीप्रमाणे थांबते, नंबराप्रमाणे नाही. दोन चुली, दोन मुक्काम, दोन नारळ. मंडळाच्या सभेतल्या शंभर माणसांना हे ठाऊक होतं, म्हणून कुणी बोललं नाही. आणि ज्याच्या स्वतःच्या घरातून ती भिंत गेली होती, तोच विसरला.

त्याने भाऊरावांना फोन लावला. "काका, एका नंबरावर दोन चुली असतील तर?"

"आता विचारतोस? तूच म्हणालास ना, एक घर एक नोंद? तुझ्यासाठी नियम वाकवला तर उद्या अख्खी वाडी माझ्या दारात. चंद्रप्रकाशला फोन कर, कोड माग, मोकळा हो. सहाला यादी गावाला जाणार, मग देवी स्वतः म्हणाली तरी बदल नाही."

साडेचार झाले. मिहिर खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खोली केवढी? चार पावलांत भिंत. त्याने कोड पाठवायचं बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं, जणू काका आपणहून समजतील आणि आपणहून कळवतील. काकांना फोन करायचा म्हणजे काय? वडिलांच्या अंत्यविधीला ते आले, लांब झाडाखाली उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. त्यानंतर शब्द नाही. राग होता त्याच्या मनात, चांगला जुना, मुरलेला राग.

मग त्याने लॅपटॉप ओढला. कोड काकांच्या मेलवर गेला असला तरी पाठवला होता त्याच्याच सर्व्हरने. नोंदवही उघडली की सहा आकडे समोर. कुणाला कळणार होतं?

"काय करतोयस?" सुगंधा मागे उभी होती. त्याचा चेहरा तिने लांबूनच वाचला होता.

त्याने सांगितलं. सगळं. ती ऐकत गेली आणि तिच्या हातातला पदर पिळला गेला.

"म्हणजे चोरून?"

"चोरून काय त्यात? माझीच तर साईट आहे."

"साईट तुझी असेल. आकडे त्यांना आलेत ना?" तिचा आवाज चढला. "मला देव दारातून यायला हवाय, मिहिर. मागच्या दाराने नको. फोन लाव इकडे."

"तू बोलणार?"

"नाहीतर कोण? लाव."

आईच्या मोबाईलवरून स्पीकरवर लावलेला फोन वाजत राहिला. पाच, सहा, सात वेळा. मिहिरने घड्याळाकडे पाहिलं, पाच वाजून दहा. मग पलीकडून खोकला आला. "हॅलो?"

"भावोजी, मी सुगंधा."

मिहिरने कागदावर मोठ्या अक्षरांत 'कोड!!' लिहून आईच्या नाकासमोर धरलं. तिने तो कागद बाजूला सारला.

"गुडघा कसा आहे?" तिने विचारलं.

मिहिरने कपाळावर हात मारला. गुडघ्याची चौकशी झाली, मग जावेच्या शुगरची, मग त्यांच्या मुलीच्या, निधीच्या नोकरीची. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली. शेवटी काकाच म्हणाले, "वहिनी, जरा सांभाळून राहा हां. कुणीतरी फसवतंय. मघापासून माझ्या मेलवर आकडे येतायत. खाली लिहिलंय, हा कोड कुणालाही सांगू नका. मी पण पक्का. नाही सांगणार."

ती ओळ मिहिरनेच लिहिली होती. तो न राहवून फोनवर ओणवा झाला. "काका, ते आकडे मीच पाठवलेत. आमची नोंद राहिलीय. सहाला बंद होतंय. तुमच्या नंबरावर आम्हाला..."

"तुमची नोंद?" काका चक्रावले. "पहिल्याच दिवशी नाही का केली मी? निधीने बसून भरून दिली. तुझी साईट ना ही? मग बघितलं नाहीस?"

मिहिरने बघितलं नव्हतं. लोकांची माहिती आपण उघडत नाही, याचा त्याला अभिमान होता. "बघू?"

"बघ की."

त्याने यादी उघडली. घरक्रमांक सत्तेचाळीस. हजर राहणारी माणसं पाच: चंद्रप्रकाश, काकू, निधी, मिहिर. आणि सगळ्यांत वर, कुटुंबप्रमुख या रकान्यात, सुगंधा.

त्याने ते मोठ्याने वाचलं, आणि आठ वर्षांचा तो मुरलेला राग नेमका कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"परत वाच," आई म्हणाली. त्याने परत वाचलं.

"आता दादा नाही," काका पलीकडून पुटपुटले. "मग घरात मोठं कोण? रकाना रिकामा सोडला तर ते पुढे जाईना. माझं नाव टाकायला हात धजेना. पालखी तुमच्या बाजूला बसेल, ओटी तुम्ही भरा. फक्त ती भिंत आडवी येते, वहिनी. पालखी नाचवायला खळं अख्खं लागतं. गड्याला सांगून ठेवलंय. तुमचा होकार आला की पाडतो."

सुगंधाचे डोळे वाहायला लागले होते, पण जीभ थांबली नव्हती. "आणि हे सांगायला तुम्हाला एक फोन करता येत नव्हता? दीड वर्ष?"

"रोज नंबर काढायचो," काका म्हणाले. "पण फोन तुम्ही केलात, वहिनी."

मिहिरच्या मोबाईलवर एकोणतिसावा माणूस वाजत होता. त्याने तो कापला. आई डोळे पुसत खाली बसली आणि तिने आपला फोन कानाला लावला.

"पाडा," ती म्हणाली. "पण चिरे फेकू नका. तुळशीला कट्टा बांधायचाय."