ठणठणीत माणसांचा खण

मी एक जुना डीप फ्रीझर आहे. झाकण कुरकुरतं, अंगावर दोन पोचे आहेत आणि माझी घरघर शेजारच्या खोलीतही ऐकू जाते. पण मित्रांनो, पोटातला गारवा मी चोवीस वर्षांत एकदाही ढळू दिलेला नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी आइस्क्रीम असेल. आल्या त्या रक्ताच्या नळ्या. रोग कुणाला आणि का होतात याचा माग काढणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी हजारो धडधाकट माणसांचं चमचा-चमचा रक्त माझ्या हवाली केलं.

बाईंची आई पोटाच्या कर्करोगाने गेली होती. नातेवाईक म्हणत, "काळजी करून करून तिनेच दुखणं ओढवून घेतलं." ते बाईंच्या जिव्हारी लागलं होतं. त्यांचा संशय पोटातल्या एका जंतूवर होता. त्या माणसांची वर्षानुवर्षं विचारपूस करायची, कुणाला हा रोग झालाच तर त्याची जुनी नळी काढायची आणि जंतू आधीपासून होता का ते पाहायचं, असं हे सबुरीचं काम होतं.

नळ्यांवर आकडे घालायचे प्रयोगशाळेतले पेन्सिलकाका. शाई बर्फात पुसते, म्हणून ते शिसपेन्सिलीनेच लिहीत. दर शनिवारी माझा बर्फ खरवडून म्हणत, "झाली बाबा तुझी अंघोळ." त्यांचे उपकार मी कसे विसरेन?

एकोणिसाव्या वर्षी नवे साहेब आले. त्यांना जागा हवी होती आणि बाई परगावी होत्या. साहेब म्हणाले, "आजारी पडलेल्यांच्या नळ्या ठेवा, बाकीचे खण रिकामे करा. ठणठणीत माणसांचं रक्त सांभाळून काय करायचंय?"

काका सरळ माझ्या झाकणावर बसले.

"साहेब, आजाऱ्यांत जंतू सापडला, पण तो ठणठणीत माणसांतही तितकाच असला तर? ताडून कशाशी पाहायचं?"

साहेबांनी काकांना हात दिला. मग म्हणाले, "उठा आता, गारठाल. मी दुसरीकडे जागा बघतो."

गेल्या वर्षी नळ्या उघडल्या. आजारी पडलेल्यांपैकी बहुतेकांच्या जुन्या रक्तात जंतूच्या खुणा होत्या, ठणठणीत राहिलेल्यांत त्या पुष्कळ कमी निघाल्या. या जंतूवर गोळ्या आहेत. काकांनी लगेच स्वतःची तपासणी करून घेतली, जंतू निघाला आणि गोळ्यांनी गेलाही.

त्या दिवशी बाई माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, "आईची नळी यात नाही. तिचं नक्की काय झालं, ते मला कधीच कळणार नाही. पण आता दुसऱ्या कुणाच्या आईला असा बोल लागायला नको."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते जरूर विचारा. मी मात्र सर्वांत जास्त ऋणी आहे तो त्या ठणठणीत माणसांचा. त्यांना काही झालेलं नव्हतं, काही मिळणारही नव्हतं, तरी त्यांनी हात पुढे केला. मोठेपणी कुणी तुमच्याकडे असं चमचाभर रक्त मागितलं, तर "मला कुठे काय झालंय?" असं म्हणू नका. काही झालेलं नाही, म्हणूनच ते मागत असतील.