लालीच्या गळ्यातली घंटा

१९६१ सालचा ऑगस्ट महिना, बुधवार, सकाळचे साडेदहा. दिग्रसपासून दोन कोसांवर आंबटेक नावाचं गाव आहे. त्या गावच्या बालवाडीत, मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, पाट्यांच्या गठ्ठ्यावर मी पडलेली होते. कपाटाला बाहेरून कुलूप होतं.

एवढं आधीच सांगून ठेवते. कारण पुढे नेमक्या याच गोष्टीवर मोठमोठी माणसं गप्प बसली.

मी पितळेची घंटा आहे. देवळातली नव्हे, बैलाच्या गळ्यातली. मला ज्या ओतारी कारागिरानं ओतलं, त्याचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. रूपसिंग बंजाऱ्याच्या आज्यानं मला आपल्या पुढच्या बैलाच्या गळ्यात बांधलं. त्या काळी ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडत. घाटात, रानात, धुक्यात पुढचा बैल दिसेनासा झाला, तरी माझा आवाज ऐकून मागची शेकडो जनावरं चालत राहायची. एकही वाट चुकत नसे.

पुढे आगगाडी आली, सडका झाल्या, लादणी संपली. फुलसिंग नाईकाचा तांडा आंबटेकच्या नाल्यापलीकडे कायमचा टेकला आणि मी रूपसिंगच्या झोपडीत खुंटीवर गेले. तरी माझं काम सुटलं नाही. बाजारातून नवा गोऱ्हा आणला की तो बुजायचा, चारा खायचा नाही, आपल्या गोठ्याच्या आठवणीनं हंबरत राहायचा. अशा वेळी रूपसिंग मला त्याच्या गळ्यात बांधायचा. आपल्याच मानेखाली घंटा वाजतेय म्हटल्यावर जनावराला वाटायचं, कळप जवळच आहे. दोन-चार दिवसांत ते वैरणीला तोंड लावायचं.

रूपसिंगची पोरगी लाली जन्मली तेव्हा तिच्या आईनं, धनीबाईनं, मला तिच्या झोळीला बांधलं. पोरगी रडली की झोळीला झोका द्यायचा. मी वाजायची, ती निजायची. चालायला लागल्यावर ती शेळ्यांच्या मागे भटकायची. तेव्हा बाप मला हातात धरून झोपडीच्या दारातून वाजवायचा आणि ती जिथं असेल तिथून धावत यायची. रूपसिंग तिला म्हणायचा, "ध्यानात ठेव छोरी, घंटा हाय तथी तांडा हाय. भेव वाटलं का घंटीच्या मागं चालत येजो."

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं. तेव्हा मला त्यात काही खोट दिसली नाही. आजही दिसत नाही.

गावात बालवाडी निघून वर्ष झालं होतं. तिथं तांड्यातलं पोर पाठवायचं, हे रूपसिंगच्या डोक्यात बसलं. धनीबाई तयार नव्हती.

"चार सालाची हाय ते. गावातल्या पोरायची बोली तिले समजत नाई. कोन पुसन तिचे डोळे?"

"बाई हाय ना तथी."

"बाई तिची याडी, माय हाय काय?"

"याडी जलमभर पुरते काय?" रूपसिंग म्हणाला. "आपन बैलाच्या मागं हिंडलो. इले पाटी घेऊन बसू दे."

सकाळी धनीबाईनं पोरीला न्हाऊ घातलं. रूपसिंगनं कापसाचा नवा दोर वळला आणि मला लालीच्या गळ्यात बांधलं. नव्या गोऱ्ह्याला बांधतो तसं.

बालवाडी म्हणजे नाल्याच्या काठावरची दोन खोल्यांची इमारत. बालवाडीच्या बाई हंसाबाई दारव्ह्याच्या. विधवा, वय तिशीच्या आतलं. मदतीला हजराबी होती. पाणी भरायची, पोरं गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची. आणि या सगळ्यांच्या वर होते समितीचे अध्यक्ष मारोतराव पाटील. ते पहिल्या दिवशी दारात उभेच होते, कारण त्यांचा नातू बाळ्याही त्याच दिवशी पहिल्यांदा आला होता.

पहिल्या दिवशीची बालवाडी काय असते, ते मोठी माणसं विसरतात. पोराच्या हिशेबानं त्या दिवशी आई मरते. ती परत येईल, हे त्याला कुणी समजावलेलं नसतं. समजावलं तरी त्यानं विश्वास का ठेवावा? ज्यांनी काल खाऊ देतो सांगून कडू काढा पाजला, तीच ही माणसं!

मारोतरावांना याचा उपाय पाठ होता. "पोराची पाठ फिरली का सटकायचं. दार लावून घ्यायचं. रडते रडते अन् थकते."

हंसाबाईंनी ते ऐकलं नाही. त्या आयांना म्हणाल्या, "चोरासारख्या जाऊ नका. पोराला सांगून जा, कुठं जाताय आणि कधी येणार ते. आणि सांगितल्या वेळी या. आज फसवलंत, तर उद्या ते तुमचा पदर सोडणार नाही."

लालीला आत घेतलं तशी पोरं ओरडली, "बैल आला! बैल आला!" लालीनं आईच्या फेटियाचा म्हणजे घागऱ्याचा घेर दोन्ही मुठींत धरला आणि असा टाहो फोडला, की तिच्या छातीच्या हुंदक्यांनी मीच वाजायला लागले.

हंसाबाई तिच्यासमोर खाली बसल्या. तिची बोली त्यांना येत नव्हती. त्यांनी मला बोटानं हलकं टोलावलं आणि कान देऊन ऐकल्यासारखं केलं. मग पुन्हा टोलावलं. लालीनं रडता रडता एक डोळा उघडला. आपली घंटा ही बाई चोरणार की काय, एवढंच तिला पाहायचं होतं. बाईंनी हात मागे घेतला. मग लालीनंच मला एकदा वाजवून दाखवलं.

शेजारी बाळ्या जमिनीवर लोळत होता. आजोबांचं धोतर ओढून त्यानं अर्धं सोडवलं होतं.

हजराबी हसत म्हणाली, "पाटील, तुमचा उपाय तुमच्याच धोतरापाशी आला की हो! सटका ना आता!"

"चूप बस व तू," मारोतराव खेकसले.

तेवढ्यात लाली उठली. गळ्यातला दोर काढला नाहीच. बाळ्याच्या कानाशी वाकली आणि मान हलवली. ठण्ण. बाळ्या दचकून गप्प झाला. पुन्हा ठण्ण. बाळ्यानं हात पुढे केला. तिनं त्याला मला धरू दिलं, स्वतः मात्र दोराला बांधलेलीच राहिली. दोन पोरं एका घंटेला धरून बसली आणि मारोतराव धोतर सावरत बाहेर पडले.

त्या दिवसापासून तो रिवाजच झाला. नवं पोर आलं की लाली त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची. आई निंबाच्या झाडापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत त्यानं मला धरायचं. निंबाच्या झाडामागचं दृश्य मला दारातून दिसायचं. पोरांना "रडू नको" सांगून आलेल्या बाया तिथं पदर तोंडाला लावून उभ्या असत. धनीबाई सर्वांत मागे, सर्वांत उशिरापर्यंत.

पंधरवड्यात लाली आईला स्वतःच म्हणू लागली, "तू जाय."

तरी तिची भीती गेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. गोष्ट चालू असली की तिची मूठ माझ्यावर असायची. वारा जोरात आला की ती मला छातीशी दाबून धरायची. भीती जात नसते. धरायला काहीतरी असलं की माणूस तिच्यासकट बसू शकतं, एवढंच.

आता तो बुधवार.

यवतमाळहून साहेब बालवाडी बघायला येणार होते. तोरण लागलं, सतरंजी आली. पोरांना स्वागताचं गाणं घोकून दिलं होतं. सकाळी धनीबाईनं लालीला दारापर्यंत सोडलं आणि ती निंदणाला गेली. मारोतरावांची नजर माझ्यावर पडली.

"बाई, हे गुराचं काढा पोरीच्या गळ्यातून. साहेब म्हनन, बालवाडी हाय का कोंडवाडा?"

"तिला त्याचा आधार आहे, पाटील."

"आधार! येक घंटाभराची गोष्ट हाय. तिकडं ते भाषण करन अन् इकडं हे वाजन. काढा."

हंसाबाईंनी काढलं. मी त्यांची बाजू घेणार नाही. त्यांना समजत होतं आणि तरी त्यांनी काढलं. लालीला त्या म्हणाल्या, "साहेब गेले की लगेच देते हं." मारोतरावांनी मला मागच्या खोलीत नेलं, कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. लालीला त्यांनी साहेबांच्या समोरून उठवून सगळ्यांच्या मागे, मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसवलं.

हजराबीला दूध आणायला पाटलांच्या घरी पिटाळलं होतं. चहाची किटली मागच्या दारानं आत आली. त्या दाराची कडी चार वर्षांच्या पोराच्या हाताला येत नाही. किटली ठेवून माणसं पुढे गेली आणि दार तसंच उघडं राहिलं.

रात्री डोंगरात पाऊस झाला होता. गुरं सकाळीच पलीकडे चरायला गेली होती. नाला त्यानंतर भरला. पुढच्या खोलीत भाषण सुरू झालं. आणि पलीकडच्या काठावरून एक घंटा ऐकू आली. गुराख्याच्या कळपातली, माझ्याहून पातळ आवाजाची. मोठ्या माणसाला फरक कळला असता.

अनवाणी पावलं मागच्या खोलीत आली. कपाटापुढे थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती कान देऊन उभी होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर, एका फळीआड पडले होते.

घंटा स्वतःहून वाजत नाही. कुणीतरी हलवावी लागते. एकदा, फक्त एकदा मला वाजता आलं असतं, तर ती तिथंच बसून राहिली असती.

पलीकडची घंटा पुन्हा वाजली. पावलं दाराकडे गेली.

पुढच्या खोलीत टाळ्या झाल्या.

दिवेलागणीच्या सुमारास रूपसिंगला ती खालच्या बंधाऱ्यापाशी सापडली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमली. मारोतराव म्हणाले, "पोरगी बुधवारी बालवाडीत आलीच नव्हती. तांड्यातलं पोर ते, घरूनच गुरायच्या मागं गेलं."

धनीबाई उठून उभी राहिली. "म्या सोडली तिले. तुमच्या दारात सोडली!"

"कोन पाह्यलं?"

हंसाबाई जमिनीकडे बघत होत्या. साहेबांची जीप तर यवतमाळला पोचलीही होती.

रूपसिंगनं भांडण केलं नाही. तो इतकंच म्हणाला, "तिच्या गळ्यात घंटी नव्हती. कुठी हाय?"

"वाहून गेली असन," मारोतराव म्हणाले.

पाणी उतरल्यावर रूपसिंग नाल्यातली वाळू उपसत बसायचा. मला शोधत होता. चावडीवरचं आणि हे, दोन्ही मला पुढे हजराबीच्या तोंडून कळलं. दोर तुटला आणि घंटा वाहून गेली असेल, तर दोर वळण्यात आपलाच हात कच्चा पडला. नसेल तुटला, तर आपण शिकवलं तेच पोरीनं केलं. दोन्हीकडून तो स्वतःलाच दोषी धरत होता, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं ते त्याला धरू देत होते.

आठवड्यानं एक नवं पोर आलं आणि रडायला लागलं. बाळ्या म्हणाला, "घंटी द्या ना त्याले. आज्यानं कपाटात ठेवली."

लेकरू खरं बोललं. हजराबीनं हंसाबाईंकडे पाहिलं. कपाटाची किल्ली पाटलांनी त्यांच्याकडे परत दिली होती. हंसाबाईंनी ती हजराबीच्या हातात ठेवली. तेवढीच त्यांची हिंमत.

हजराबीनं मला पदरात घेतलं, तांड्यावर जाऊन रूपसिंग आणि धनीबाईला बरोबर घेतलं आणि भर चावडीत मारोतरावांपुढे मला ठेवलं.

"पाटील, नाल्याचं पानी कुलपातून कपाटात शिरलं काय हो?"

मारोतरावांनी पानाला चुना लावला, पान दुमडलं, तोंडात टाकलं. मग उठून गेले.

धनीबाईनं मला उचललं. दोराची गाठ तिनं पाहिली. ती पक्की होती. कुणीतरी ती नीट सोडवली होती. तिनं ती रूपसिंगच्या हातात दिली आणि म्हणाली, "पाह्य. तुटला नाई तुहा दोर."

महिन्याभरात हजराबीचं काम गेलं. हंसाबाईंची बदली झाली. बालवाडीचं मागचं दार विटांनी बुजवलं. आता पाच वर्षं झाली आहेत. मी रूपसिंगच्या झोपडीत खुंटीवर आहे. माझ्या जिभेला धनीबाईनं लालीच्या कपड्याची चिंधी गुंडाळली आहे, म्हणून मी वाजत नाही. नवा गोऱ्हा आणला तरी रूपसिंग मला हात लावत नाही. गोऱ्हा रात्रभर हंबरतो आणि दोघं जागे असतात.

पोरं आजही पहिल्या दिवशी रडतात. पोर घरून काही मुठीत धरून आलं, फडकं असो, खडा असो, मोडकी फणी असो, ते काढून घेऊ नका. तुम्हाला ते गबाळं दिसेल. त्या पोराचं घर त्या वस्तूएवढंच उरलेलं असतं.

आणि माझं एक विचारणं आहे. चौकशी झाली, त्या दिवशी मुलगी आलीच नव्हती, असं ठरलं आणि ते आजवर कुणी बदललेलं नाही. त्या बुधवारी लाली सकाळी घरून निघाली, तेव्हा मी तिच्या गळ्यात होते. साडेदहाला मी बालवाडीच्या कपाटात, कुलपाच्या आत होते.

लाली आली नव्हती, तर मला तिथं कुणी आणलं?