मानाजीचं पान

धारच्या मोटारीत भगवंत खिडकीशी जाऊन बसला, तेव्हा कंडक्टरनं त्याच्या वाढलेल्या दाढीकडे बघत विचारलं, "भिया, बाबाजी बणी ग्या कंई?" देवासात मोटारी दुरुस्त करणारा भगवंत एरवी थट्टेला थट्टेनंच उत्तर देणारा, पण आज त्याला हसू येईना. बायको पोटुशी होती म्हणून दाढी वाढली होती. त्यांच्याकडे रीतच होती. बायको दिवसांत असली की नवऱ्यानं वस्तरा लावायचा नाही आणि कुणाच्या श्राद्धाचं पान घ्यायचं नाही. आणि हा निघाला होता श्राद्धाच्याच घरी.

मानाजी आणि तो धारच्या एकाच गल्लीतले. लढाईत दोघं जोडीनं फौजेत भरती झाले. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या सीमेवर मानाजीच्या पोटात गोळी लागली. डॉक्टरनं पाण्याचा थेंबसुद्धा मना केला. भर दुपारी, जखमींना वाहून न्यायच्या झोळीत पडल्या पडल्या मानाजीनं विचारलं, "भग्या, आज घरी काय केलं असेल रे?" मग भगवंत तोंडानंच पान वाढू लागला. भात, आमटी, गवारीची भाजी, कढी, वडे. वड्यांपर्यंत आला आणि मानाजीचा हात त्याच्या हातात सैल पडला. खीर सांगायची राहिली.

परतल्यावर हे सगळं त्यानं मानाजीच्या आईला, यमुनाबाईंना सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पोरगा उपाशी गेला, हा एकच घोर त्या बाईच्या मागे लागला. तेव्हापासून दरसाल पितृपक्षात, शस्त्रानं गेलेल्यांच्या चतुर्दशीला, त्या भगवंताला मानाजीच्या जागी पितर म्हणून पाटावर बसवत आणि पोटभर जेवू घालत. दिराच्या पोरांना त्यांनी कधी बसवलं नाही. "मानाजी ओळखीच्याच तोंडानं जेवेल," म्हणत. भगवंत सगळं जेवायचा, फक्त खिरीपाशी त्याचा घास अडायचा.

भगवंताच्या बायकोला, दुर्गाला, हे पहिल्यापासून खुपत होतं. दोनदा ती पोटुशी असताना हा रीत मोडून, दाढी करून धारला गेला आणि यमुनाबाईंना कळू न देता पान घेऊन आला, आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामा राहिला. देवाला न मानणारी माणसंही सटवाईला भितात, भगवंत त्यातलाच. आपल्या जेवणानं काही झालं असेल हे त्याला पटत नव्हतं, पण तिसऱ्यांदा परीक्षा पाहायची छातीही नव्हती.

"मेलेल्याला जेवू घालायला जाता," निघताना दुर्गा म्हणाली होती, "अहो, जन्माला यायचंय त्याचं काय?"

"नुसतं सांगून येतो," तो म्हणाला होता. "बसणार नाही. तुझी शपथ."

यमुनाबाई दारातच उभ्या होत्या. विधी उरकून दीर कधीच कामाला गेले होते. आत पाट मांडलेला दिसत होता आणि घरभर तळणाचा वास होता. त्यांना पाहिलं आणि सांगायचं ठरवून आणलेलं सगळं भगवंताच्या तोंडातच राहिलं. पाय सवयीनं पाटाकडे वळले. दुर्गाची शपथ आठवत होती, तरी वळले, आणि त्याला स्वतःची भीती वाटली.

"थांब." यमुनाबाईंनी हात आडवा धरला. त्या दाढीकडे पाहत होत्या. जुन्या बाईला सांगावं लागत नाही. "कितवा?"

"सातवा, काकू."

"आणि उंबरा ओलांडतोस? बाहेरच राहा."

"पण मग मानाजी..."

"तो तुझ्या लेकराच्या आड येणारा नव्हता."

भगवंत ओसरीवर उभा राहिला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नजर पाटावरून हलेना. आत यमुनाबाई पानासमोर बसल्या. त्यांनी पळी उचलली, परत ठेवली.

"रिकाम्या पाटाला जेव कसं म्हणू रे?" त्या म्हणाल्या. "माझ्यानं होईना." मग मागे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी तू तरी कुठं वाढलं होतंस? नुसतं सांगितलंस ना त्याला?"

"हो."

"मग तिथूनच सांग. मी वाढते."

"भात," भगवंत म्हणाला. पानावर भाताची मूद पडली. "आमटी. गवारीची भाजी. कढी." यमुनाबाई एकेक वाढत गेल्या. "वडे," तो म्हणाला, आणि तिथंच अडला. डोळ्यांपुढे ती झोळी आली, तो सैल हात आला. यमुनाबाई वाटी हातात धरून थांबल्या होत्या.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

"खीर, मानाजी," भगवंत म्हणाला. "आईनं खीर केलीय."

यमुनाबाईंनी वाटी पानाशी ठेवली. "सावकाश जेव," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.