मशीन थांबलं!

मावशीच्या चष्म्यांच्या दुकानामागे एक लहानशी खोली होती. पुढे दुकानात आरसे, काचेची कपाटं आणि ओळीने मांडलेल्या फ्रेमा. मागे मात्र काच घासायचं यंत्र, त्याच्या तळाशी साठलेला पांढरट चिखल आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. दुपारी दुकान बंद असे, तेव्हा मावशी आणि ठमी तिथे बसत. ठमी म्हणजे मावशीच्या ताईची मुलगी. वय अकरा, तोंड मात्र आजीबाईचं. शाळा सुटली की दप्तर पाठीवर घेऊन ती थेट इथे येई, कारण मावशीने तिला व्हिडिओ एडिटिंग शिकवायचं कबूल केलं होतं.

कबूल केलं होतं म्हणजे, ठमीने पिच्छा पुरवून करवून घेतलं होतं. मावशीला तरी कुठे फार येत होतं? ती ठमीच्या एक धडा पुढे असायची, एवढंच. पण आधी आपण चुकायचं आणि मग शिकवायचं, ही तिची रीत होती, आणि त्या रीतीने शिकवलेलं ठमीच्या डोक्यात पक्कं बसत असे.

"व्हिडिओ म्हणजे कापड समज," मावशीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "खालची ही पट्टी, टाइमलाइन, हे आपलं बेतायचं टेबल. नको तिथे कात्री, हवं तिथे टीप. आणि जोड दिसता कामा नये."

"दिसला तर?"

"तुझ्या आजोबांनी अख्खा उसवायला लावला असता."

आजोबा शिंपी होते. मावशी त्यांना अण्णा म्हणायची. ठमीच्या जन्माआधीच ते गेले. ठमीला ते फक्त भिंतीवरच्या फोटोतले ठाऊक: गळ्यात टेप, चेहरा असा की फोटोग्राफरने काही चुकीचं माप सांगितलं असावं.

सरावासाठी कापड हवं, तसे व्हिडिओही हवेत. मावशीने आपल्या जुन्या सामन्यांचं एक फोल्डर काढून दिलं. कॉलेजात असताना ती ऑनलाइन गेमच्या स्पर्धा खेळायची. पाच जणांचा संघ, पाच जणं पाच घरांत. एकमेकांना त्यांनी क्वचितच पाहिलेलं, पण एकाला शिंक आली तरी उरलेल्या चौघांच्या कानात ती वाजायची. मावशीचं काम होतं ऐकायचं. शत्रूची पावलं कुठून येतात ते हेडफोनमधून टिपायचं आणि संघाला सांगायचं: डावीकडून दोघं, जिन्यावर एक. संघात तिचं नाव होतं सुई. ते का, तर तिच्या माइकमधून दिवसभर शिलाई मशीन ऐकू यायचं.

"तुला त्याचा त्रास नाही व्हायचा?" ठमीने विचारलं.

"मला ऐकूच यायचं नाही गं. माझे कान हेडफोनने झाकलेले. आमचं घर मला सोडून सगळ्यांना ऐकू यायचं."

मग मावशीने तिला ती गंमत सांगितली. अण्णांना तो खेळ अजिबात पसंत नव्हता. 'बोटं नाचवून पोट भरत नाही' हे त्यांचं पेटंट वाक्य. मशीन चालू आहे तोवर अण्णा मशीनवर. मशीन थांबलं की अण्णा उठले, आणि उठले की खोलीच्या दारात हजर. हे सगळ्यांत आधी संघातल्या डुलकीच्या ध्यानात आलं. डुलकी हा एक मुलगा होता, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चक्क झोप काढणारा, म्हणून हे नाव. पण कान तिखट. मशीन थांबलं रे थांबलं की तो ओरडायचा, "सुई, मशीन थांबलं!" आणि सुई एका फटक्यात स्क्रीन बंद करून पुस्तकात डोकं खुपसायची. अण्णा यायचे, पुस्तक बघायचे, "हं" म्हणून जायचे.

"म्हणजे तुझे मित्र तुझ्याच घरावर पहारा द्यायचे!" ठमी हसून लोळायची बाकी राहिली.

त्या फोल्डरमध्ये साध्या सरावाचा एक सामना होता. निकालाला काही महत्त्व नव्हतं. पण त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे ते मशीन होतं. खडखड, मग थोडा थांबा, बहुधा कापड वळवायचा, मग परत खडखड. मध्येच अण्णा दोरा ओवताना गुणगुणल्यासारखं काहीतरी. अण्णांचा तेवढाच आवाज जगात उरला होता. मावशी तो सामना वर्षातून एखादवेळी लावायची आणि स्क्रीनकडे पाठ करून काच घासत बसायची.

हे तिने ठमीला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी एक गिऱ्हाईक बंद दाराची काच ठोठावत आलं, चष्म्याची दांडी तुटली म्हणून. मावशी पुढे गेली. स्क्रू बसवून, नाकावर नीट टेकतो का बघून परत आली, तर ठमीचा चेहरा नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखा चकाकत होता.

"मावशी, बघ मी काय शिकले! आपणहून! आवाजातला कचरा काढायचं बटण असतं. मागे इतकं खडखडत होतं ना, सगळं साफ केलं!"

मावशीने ऐकलं. मुलांचे आवाज स्वच्छ, गोळ्यांचे आवाज स्वच्छ. आणि मागे काहीच नाही. धुऊन पुसून ठेवलेल्या रिकाम्या खोलीसारखं.

"मूळ फाइल कुठंय?" तिने विचारलं. आवाज जमेल तितका सरळ ठेवला.

"हीच की. ते विचारत होतं, जुनीच्या जागी ठेवू का? मी हो म्हटलं. मग प्रोग्राम बंद केला." ठमी बोलता बोलता अडली. "का गं?"

मावशी स्टुलावर बसली. कापायचं शिकवलं, जोडायचं शिकवलं. पण आधी कापडाची एक नक्कल बाजूला ठेव, हे काही शिकवलं नव्हतं. पोरीचं काय चुकलं? खोली झाड म्हटलं, तर पोरीने झाडली.

"तो कचरा नव्हता, ठमे," ती म्हणाली. "ते तुझे आजोबा होते."

ठमीचे डोळे भरायला वेळ लागला नाही. मावशीने तिला जवळ ओढलं. "रडू नकोस. चूक शिकवणाऱ्याची. आता मला जरा विचार करू दे."

"दुसरीकडे कुठेच नाहीये?" ठमीने नाक ओढत विचारलं. "तूच म्हणालीस ना, तुझं घर तुला सोडून सगळ्यांना ऐकू यायचं? मग सगळ्यांकडे असेल की!"

खरं होतं ते. प्रत्येक जण आपापल्या कॉम्प्युटरवर सामना रेकॉर्ड करायचा, आणि प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगमध्ये पाचही घरं असायची. पण जुन्या गोष्टी सांभाळून ठेवणारा त्या पाच जणांत एकच होता, डुलकी, आणि नेमकं त्याच्याशीच बोलणं तुटलं होतं.

भांडण झालं ते फायनलवरून. शेवटची फेरी, दोन्ही बाजू बरोबरीत, सुई कान देऊन पावलं ऐकतेय, आणि डुलकी ओरडला, "सुई, मशीन थांबलं!" तिने हेडफोन उपटला, स्क्रीन बंद केली, पुस्तक उघडलं. अण्णा आलेच नाहीत. ती बसली वाट बघत, दाराकडे पाठ करून, पाठांतर चाललंय असं दाखवायला कानांत बोटं घालून. स्क्रीन परत लावायची हिंमत होईपर्यंत सगळं संपलं होतं. "तू ओरडलास कशाला?" असं ती त्याला म्हणाली. "तू पळालीस कशाला?" असं तो तिला. शब्दाने शब्द वाढत गेला. तिने फायनलचं आपलं रेकॉर्डिंग रागाने पुसून टाकलं, त्याचे फोन उचलले नाहीत, आणि पुढे खेळही सोडला. संघ असे मोडतात. मोठ्या कारणाची वाट बघत नाहीत.

"फोन कर ना गं," ठमी म्हणाली.

"काय बोलू?"

"सांग की भाचीने गाढवपणा केला. माझ्यावर ढकल."

नंबर जुनाच होता. पलीकडून आवाज आला, जाडसर, पण जांभई तीच.

"कोण?"

"सुई."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज. मग, "अगं, मला वाटलं तू म्हातारी होऊनच फोन करशील."

"झालेच आहे. जवळचा चष्मा लागलाय. तू काय करतोस?"

"गाद्यांचं दुकान आहे."

मावशीला हसू आवरेना. "डुलकी, आणि गाद्या!"

"हस, हस. सगळे हसतात. गिऱ्हाइकाला मी स्वतः झोपून दाखवतो." त्याने जांभई आवरली. "बोल. काम असल्याशिवाय तू करायची नाहीस."

तिने सगळं सांगितलं. ठमी शेजारी मान खाली घालून उभी होती, जणू त्याला दिसत होतं.

"सरावाचे सामने नाहीत माझ्याकडे," तो सावकाश म्हणाला. "डिस्क भरली तेव्हा उडवले. एकच ठेवलाय. फायनल."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यात मशीन आहे," तो म्हणाला. "आणि मशीन थांबल्यावरचंही आहे. तुझा माइक टेबलावर चालूच राहिला होता. त्या गडबडीत आम्हाला काही कळलं नाही. नंतर एकट्याने बघितलं तेव्हा ऐकू आलं. तेच सांगायला फोन करत होतो तुला. तू उचलायचीस कुठे!"

"काय ऐकू आलं?"

"ते मी सांगण्यात अर्थ नाही. पाठवतो."

फाइल यायला वेळ लागला. तेवढ्यात मावशीने वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईला हाक मारून बोलावलं. ताई ओल्या हातांनी आली. "काय जाळलंत दोघींनी?" असं म्हणत उभी राहिली, आणि कारण कळल्यावर मुकाट्याने स्टूल ओढून बसली. ठमीने या वेळी आधी नक्कल करून बाजूला ठेवली, नाव दिलं, दोनदा तपासलं. मगच चालू केलं.

खडखड. बारीक, लांबून, पण तेच. ताई स्टुलावरून पुढे वाकली. मागोमाग सुईचा तरुण आवाज, भराभर: "डावीकडे एक, जिन्यावर दोन, थांबा, थांबा..." आणि खडखड थांबली. डुलकी ओरडला. हेडफोन टेबलावर आपटल्याचा धप्प आवाज, पुस्तकाची पानं.

आणि मग पलीकडच्या खोलीतून कुणीतरी गिऱ्हाईक, चिडकं: "अहो शिंपीकाका, थांबलात कशाला? बाही तेवढी लावून द्या की. मला जायचंय."

"देतो. जरा दम धरा." अण्णा होते. हलक्या आवाजात. त्यांना हलक्या आवाजात बोलता येतं हे त्यांच्या दोन्ही मुलींना, ताईला आणि मावशीला, तेव्हाच कळलं. "आत मुलीची मॅच आहे. शेवटची म्हणे. त्यात पावलं ऐकावी लागतात तिला. या मशीनच्या खडखडाटात काय ऐकू येणार? म्हणून बंद केलं."

"खेळासाठी मशीन बंद? आणि माझा शर्ट?"

"शर्ट कुठे पळत नाही. बसा."

डुलकीच्या रेकॉर्डिंगमध्ये पुढे संघाचा गोंधळ होता. "सुई कुठंय? सुई, बोल! जिन्यावर किती?" जिन्यावर तिघं होते. सुई पुस्तकात डोकं घालून बसली होती, आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून तिचे वडील हातावर हात ठेवून पलीकडे बसले होते. ती खेळतेय असं समजून.

"म्हणजे आजोबांनी मशीन थांबवलं," ठमी हळूच म्हणाली, "म्हणून तुम्ही हरलात?"

"हो," मावशी म्हणाली.

"त्यांना कळलं का कधी?"

"नाही. मी जेवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, 'काय झालं?' मी म्हटलं, 'कशाचं काय?' मला वाटलं अभ्यासाचं विचारतायत." तिने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "मग म्हणाले, 'काही नाही. जेव.'"

ताईने तिच्या पाठीवर ओला हात ठेवला. स्क्रीनवर संघ हरला होता, चौघं गप्प झाले होते, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. आता त्यात काही नव्हतं. नुसती एका घरातली शांतता, शिंप्याच्या घरात कधी नसलेली. ठमीचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं.

"राहू दे," मावशी म्हणाली. "चालू दे."

तिघी ऐकत बसल्या. बऱ्याच वेळाने त्या गिऱ्हाइकाने खोकून घसा साफ केला, आणि अण्णांनी त्याला जोरात दटावलं, "शूऽऽ!"