पाकिटांवर ठेवलेला पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे, पण माझ्यावर कुणी कधी उभं राहिलेलं नाही. मी बुटाचा साचा. माझ्याभोवती चामडं ताणून बूट शिवतात, आणि बूट तयार झाला की मला बाहेर काढतात. बूट जगभर हिंडतो, मी फळीवर परत. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. फळीवर माझ्या शेजारी माझा उजवा असायचा.

समुद्रापलीकडच्या एका देशात, अरुंद पण उजेडाच्या खोलीत एका म्हाताऱ्या कारागिरानं मला कोरलं. ज्यांचे दोन पाय एकमेकांसारखे नसतात, अशा माणसांसाठी तो बूट बनवायचा. दुकानातल्या बुटांना असे पाय माहीतच नसतात. माझी टाच आखूड आहे, कुशीवर वळल्यासारखा मी आत वळलेला आहे, अंगठ्याजवळ एक गोल फुगवटा आहे. माझा उजवा मात्र सरळ, साधा. आम्ही कारागिराच्या नातीचे. तिचा पाय कागदावर ठेवून त्यानं पेन्सिलीनं कड काढली तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या आणि रेघ अंगठ्यापाशी हलली. तो फुगवटा त्या हललेल्या रेघेचाच आहे, पण बूट असा बेतशीर बसला, की आजोबांनी तो तसाच ठेवला. माझ्या तळव्यावर त्यांनी क्रमांक कोरला : एकोणचाळीस, डावा.

वर्षातून दोनदा ती यायची. पाय वाढला असेल तेवढा चामड्याचा पातळ तुकडा आजोबा माझ्यावर ठोकायचे. असा मी तिच्याबरोबर वाढत होतो. लाकूड असून वाढण्याचं भाग्य किती जणांना मिळतं?

मग आजोबा गेले. दुकान त्यांच्या लेकीवर, म्हणजे आमच्या मुलीच्या आईवर आलं. मागणी वाढलेली, हात दोनच. तेव्हा तिनं दूरच्या, तुमच्या देशातल्या एका कारखान्याशी करार केला. साचे आमचे, शिलाई तुमची. भांडण झालंच, तर दोघांनी मिळून नेमलेला तिऱ्हाईत पंच, ज्याला लवाद म्हणतात, तो जे सांगेल ते दोघांनी मानायचं, असं करारात लिहिलं. चौसष्ट जोड पेटीत भरले. माझ्यापाशी तिचा हात थांबला. मग म्हणाली, "सगळ्यांचे जातात, तर आपलेही जाऊ देत."

कारखान्याचा मालक वाईट माणूस नव्हता. नीटनेटका होता, आणि तिथंच सगळं बिनसलं. पेटी उघडून त्यानं आम्हाला जोडीजोडीनं टेबलावर मांडलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे बघा. एकाही जोडीचं एकमेकांशी पटत नाही."

कारखान्याची कचेरी त्याच्या थोरल्या वहिनी सांभाळायच्या. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "तसेच असतील, भावोजी. विचारून घ्या."

"विचारायचं काय त्यात? जोड म्हटला की सारखा हवा."

त्यानं विचारलं नाही. आम्हा सगळ्या वाकड्यांना बाजूला ठेवून सरळ साच्यांवरूनच दोन्ही पायांचे बूट बेतले. चौसष्ट जोड, आरशासारखे सारखे. ते एकाच्याही पायात गेले नाहीत. आईनं बूट परत पाठवले आणि साचे मागितले. मालकानं फोनवर सांगितलं, "आधी बूट ठेवून घ्या, मग साचे." त्यानंतर त्यानं तिचा फोन घेणंच बंद केलं.

मग पाकिटं यायला लागली. पहिलं जाडसर होतं, तिच्या अक्षरातलं. मालकानं ते उलटसुलट पाहिलं, टेबलाच्या कडेला ठेवलं, आणि पंख्यानं उडू नये म्हणून हाताला लागलेली वस्तू त्यावर ठेवली. ती वस्तू म्हणजे मी. माझा उजवा कोठारात पेटीत राहिला आणि मी पाकिटांचं वजन झालो.

दुसरं पाकीट आलं, तिसरं आलं. प्रत्येक वेळी मला उचलायचं, पाकीट खाली सारायचं, मला वर ठेवायचं. त्यातली काही लवादाची होती. या तारखेला या, तुमची बाजू मांडा, नाही आलात तर आहे त्या कागदांवरून ठरवावं लागेल.

"भावोजी, उघडा तरी. पाकीट काही चावत नाही," वहिनी म्हणायच्या.

"जे वाचलंच नाही, ते मला माहीत नाही. सोपं आहे."

"मांजर डोळे मिटून दूध पितं तसं चाललंय तुमचं."

"मी दूध कुठं पितोय?" तो म्हणायचा, आणि खरंच, त्याला त्यातून काही मिळत नव्हतं. वाकडे साचे त्याला कशाला हवे होते? त्याला फक्त चुकलो असं म्हणायचं नव्हतं. मी मात्र आतल्या आत तडफडत होतो. साचे थांबतात, मित्रांनो. पाय थांबत नाहीत. तिकडं ती मुलगी रोज थोडी मोठी होत असणार, आणि मी इथं माझ्याच सुटकेच्या कागदांवर बसून त्यांना दाबून धरत होतो.

लवादानं वाट पाहिली, पुन्हा कळवलं, आणि शेवटी निवाडा दिला : चौसष्ट जोड तीस दिवसांत परत करा. तोही पाकिटातून आला आणि माझ्याखाली गेला. लवादाला शब्द असतात, हात नसतात. परदेशातला निवाडा घेऊन कुणी आपल्या दाराशी येऊन कुलूप उघडायला लावू शकत नाही. त्यासाठी इथल्याच कोर्टात जावं लागतं. आईनं इथं एक वकीलबाई गाठल्या. निवाड्याची खरी प्रत, कराराची प्रत, भाषांतर, सगळं दाखल केलं. कोर्ट म्हणालं, ठीक, पण आधी समोरच्याला कळवा. त्याचं काही म्हणणं असेल तर ऐकू.

म्हणून बेलिफ आला. कोर्टाची नोटीस घरोघर पोचवणारा, सायकलवरून येणारा, पायात झिजलेले बूट असलेला. मी पहिल्यांदा बूटच पाहतो. त्यानं घंटी वाजवली. मालक खुर्चीत गोठल्यासारखा बसला. दार उघडलं नाही. बेलिफानं नोटिशीच्या पाठीवर शेरा लिहिला, "दार बंद, सबब परत," आणि गेला.

दोन महिन्यांनी पुन्हा. "दार बंद, सबब परत." पंचवीस वर्षं तो हेच चार शब्द लिहीत आला होता. त्या चार शब्दांनी आमची तारीख दोनदा पुढं गेली. दार बंद म्हणजे माणसाला कळलंच नसेल, आणि ज्याला कळलं नाही त्याच्याविरुद्ध हुकूम कसा द्यायचा?

दुसऱ्यांदा न्यायाधीशबाईंनी बेलिफालाच समोर बोलावलं. हे त्यानं पुढं वहिनींना स्वतः सांगितलं, पाण्याचा पेला हातात धरून. "बाई म्हणाल्या, दार बंद होतं, की बंद केलं होतं? पंचवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, आता जाल तेव्हा शेरा नको. दिसेल ते लिहा, ऐकू येईल ते लिहा."

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा घंटी वाजवून तिथंच थांबला. मालक उठला, पायातल्या चपला हातात घेऊन कपाटामागं गेला. वहिनींनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"मालक आहेत?"

"परगावी गेलेत."

"कधी येतील?"

"तुम्ही गेलात की."

कचेरीत पंखा घरघरत होता. कपाटामागं एक चप्पल खाली पडली.

वहिनींची जीभ घसरली, की त्यांनी ती घसरू दिली, मला आजही ठाऊक नाही. बेलिफ गालातल्या गालात हसला. "हे असंच लिहू?"

"तुमचं काम तुम्हाला माहीत," वहिनी म्हणाल्या.

त्यानं पायरीवर बसून सगळं लिहिलं. आत पंखा चालू. चप्पल पडल्याचा आवाज. बाईंचं उत्तर, शब्दाला शब्द. मग नोटिशीची एक प्रत दाराला चिकटवली आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

"दाराला चिकटली म्हणजे मी वाचली असं होतं का?" तो गेल्यावर मालक म्हणाला.

"सगळ्या कामगारांनी वाचली, भावोजी. तुम्हीच तेवढे राहिलात."

त्यानंतर कोर्टाला वाट पाहावी लागली नाही. मूळ भांडण पुन्हा उकरायचं काम आमचं नाही, न्यायाधीशबाई म्हणाल्या. या माणसाला लवादानं कळवलं होतं, आम्हीही कळवलं, तो बोलला नाही. हा निवाडा याच कोर्टाचा हुकूमनामा समजून अंमलात आणा.

बेलिफ यादी आणि दोन हमाल घेऊन आला. या वेळी दार उघडं होतं. कोठारातून पेटी आणली, एकेक साचा तळवा वर करून तपासला. मी टेबलावरून बघत होतो. माझा उजवा बाहेर आला. धुळीनं करडा झाला होता.

"एकशे सत्तावीस," बेलिफ म्हणाला. "एक कमी आहे. एकोणचाळीस, डावा."

"हरवला असेल," मालक म्हणाला. मित्रांनो, तो खोटं बोलत नव्हता. त्याचा कोपर मला टेकला होता आणि मी कोण हे तो विसरला होता.

बेलिफानं यादीवर पेन टेकवलं. "मग एक कमी असं लिहून पेटी बंद करतो."

मला ओरडता येत नाही. येत असतं तर त्या क्षणी त्या कचेरीच्या काचा फुटल्या असत्या.

वहिनी खुर्चीतून उठल्या. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि तळवा बेलिफासमोर धरला. "हा घ्या. तीन वर्षं इथंच बसलाय."

मी हललो तशी पंख्यानं पाकिटं उधळली. टेबलावर, जमिनीवर, हमालांच्या पायांत, सगळी बंद. बेलिफानं वाकून ती गोळा केली आणि मालकाच्या हातात दिली. "आता तरी," एवढंच म्हणाला.

वर पहिलं पाकीट होतं, तिच्या अक्षरातलं. मालकानं ते फोडलं. आत घडी घातलेला कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेली एका लहान पायाची कड, आणि दोन ओळी. बाकीचे साचे भांडण मिटेपर्यंत ठेवा. एकोणचाळीसचा डावा तेवढा पाठवा, पाय वाढतोय.

मालकानं त्या ओळी पुन्हा वाचल्या. "एवढंच मागितलं होतं?" त्यानं विचारलं. वहिनींनी पेटी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं कागदाची घडी पुन्हा तशीच घातली आणि पेटीत, माझ्या आणि उजव्याच्या मध्ये ठेवली.

मी घरी आलो. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. इतकी वर्षं तिनं दुकानातले बूट चिंध्या कोंबून घातले, आणि तिची चाल बदलली आहे. आईनं तिचा पाय माझ्याशेजारी ठेवला. कागदावरची तीन वर्षांपूर्वीची कड माझ्याएवढीच होती, अगदी बरोबर. पाय माझ्यापुढं दोन बोटं गेला होता. एवढं अंतर चामड्याच्या तुकड्यांनी भरत नाही.

"आजोबांचा पाय लहान झाला," मुलगी म्हणाली.

आई नवं लाकूड घेऊन बसली आहे. तिला वडिलांसारखं कोरता येत नाही, म्हणून मला समोर ठेवून बघून बघून कोरते. फुगवट्यापाशी आली की दरवेळी थांबते, मला चाचपते. माझा उपयोग आता एवढाच, आणि तो पुरे आहे.

पण मित्रांनो, तुमच्याकडे कुणाची वस्तू राहिली असेल आणि तिच्यामागं पत्र आलं असेल, तर ते आजच उघडा. तुम्ही चुकला असाल, तरीही उघडा. माझं ऐका, मी त्याच्यावर बसलेलो होतो. साचे परत करा, असा हुकूम कोर्ट देऊ शकतं. तीन वर्षं परत करा, असं मात्र कुठल्याच निवाड्यात लिहिता येत नाही.